प्लास्टिक पेंट कशावर टिकतो, कशावर नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर आणि पावसाळ्यात भिंती सोलायला लागल्या की सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्लास्टिक पेंट म्हणजे पाण्यात पातळ होणारे ॲक्रिलिक इमल्शन. परदेशातले वाचक त्यालाच लेटेक्स पेंट म्हणतात. बहुतेक उत्तरे फिरून एकाच जागी येतात: रंग ज्या थरावर बसतो, त्या थराइतकाच टिकतो. खालचा थर भुसभुशीत, तेलकट किंवा ओला असला, तर कितीही महागाचा डबा आणा, तो थर सुटताना रंगही सोबत घेऊन सुटतो.

१. प्लास्टिक पेंट, इमल्शन, लेटेक्स, डिस्टेंपर, ऑइल पेंट यांत नेमका फरक काय?

पहिली तिन्ही नावे एकाच जातीच्या रंगाची. त्यात ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना भिडतात, चेपले जातात आणि जुळून सलग पापुद्रा होतो. रबराच्या झाडाचा चीक त्यात नसतो. लेटेक्स हे नाव कृत्रिम रबरामुळे पडले. १९४८ मध्ये अमेरिकेत ग्लिडन कंपनीने आणलेला असा रंग त्यावरच बेतलेला होता. डिस्टेंपरही पाण्यातलाच, पण त्यात चिकटवणारा घटक कमी आणि खडूची भुकटी जास्त, म्हणून तो हाताला लागतो. ऑइल पेंट टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो, हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो आणि काही वर्षांत पिवळट पडतो.

२. भिंतीवर आधी कोणता रंग आहे, हे घरी कसे ओळखायचे?

ओले बोट भिंतीवर जोरात घासा. बोटाला पिठासारखे पांढरे लागले तर चुना किंवा जुना डिस्टेंपर. काहीच लागले नाही तर मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून अर्धा मिनिट चोळा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर प्लास्टिक पेंट. कापूस स्वच्छ राहिला तर ऑइल पेंट.

मग पकड तपासा. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीला एखाददुसरा चौकोन आला तर काळजी नाही. चौकोनच्या चौकोन आले तर तो थर काढल्याशिवाय वर काही लावू नका.

३. नवीन गिलाव्यावर किती दिवसांनी रंग द्यावा?

पाणी मारणे संपल्यावर निदान २८ दिवसांनी, आणि पावसाळा मध्ये आला तर त्याहून उशिरा. कारणे दोन. गिलाव्यात कोंडलेले पाणी बाहेर यायला वाट शोधते आणि पापुद्रा फुगवते. दुसरे, ताज्या सिमेंटचा सामू (पीएच, म्हणजे क्षारतेचे माप) १२ च्या वर असतो. त्या क्षारतेने गडद रंगांवर पांढरट चट्टे उठतात, आणि ऑइल पेंट लावला असेल तर त्यातल्या तेलाचा चक्क साबण होतो.

दिवस मोजण्यापेक्षा भिंतीला विचारलेले बरे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने सीलबंद करून भिंतीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून दव साचले किंवा तेवढा चौकोन गडद दिसला तर भिंत अजून ओली आहे.

४. आधी पुट्टी की आधी प्रायमर? प्रत्येक रंगारी वेगळे सांगतो.

पुट्टी म्हणजे भिंत सपाट करणारा लेप, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा हात. दोघेही बरोबर असू शकतात, कारण पुट्ट्या दोन प्रकारच्या आहेत.

गोणीत भुकटी मिळते ती पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. तिला कडक व्हायला पाणी लागते आणि ती सिमेंटच्या गिलाव्याशी थेट जोडली जाते, म्हणून गिलाव्यावर पाणी शिंपडून तो दमट करायचा आणि पुट्टी सरळ भरायची. खाली प्रायमर मारला तर त्या दोघांत पडदा येतो. डब्यात लोण्यासारखी मिळते ती ॲक्रिलिक पुट्टी. तिच्याखाली मात्र प्रायमरचा एक हात हवा. पुट्टी कोणतीही असो, तिच्यावर रंगाआधी प्रायमर लागतोच, नाहीतर ती रंगातले पाणी क्षणात शोषते आणि पापुद्रा नीट जुळत नाही.

सिमेंट पुट्टीचे माप: १ किलोला ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी. कालवल्यावर दहा मिनिटे मुरू द्या, पुन्हा ढवळा आणि तीन तासांत संपवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून ती ‘जिवंत’ करण्याचा मोह टाळा; अशी पुट्टी वाळून पिठासारखी होते. दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाहीत.

घासल्यानंतरची भुकटी कोरड्या फडक्याने, मग जेमतेम ओल्या फडक्याने पुसून काढा. दहा मिनिटांचे हे काम इतक्या ठिकाणी गाळले जाते की नव्या घरांतल्या पोपड्यांचे पहिले संशयित तेच.

५. पोपडे निघताहेत. चूक कुठे झाली हे कसे कळेल?

पोपडा उलटा करून त्याची पाठ पाहा, आणि तो निघाला तिथली जागाही पाहा.

पाठीला मऊ पांढरे पीठ असेल तर रंग भुकटीवर, चुन्यावर किंवा कच्च्या पुट्टीवर बसला होता. पाठ गुळगुळीत आणि खालची जागा चकचकीत असेल तर खाली ऑइल पेंट आहे, तो घासलेला नव्हता. पाठीला वाळूचे कण चिकटून आले आणि जागा थंड, दमट लागली तर मामला ओलीचा आहे. पोपडा रबरासारखा ताणला जात असेल तर रंग अजून आतून वाळलेला नाही. दोन हातांत पुरेसा वेळ गेला नव्हता. चुरचुरीत होऊन नखाने भुगा होत असेल तर रंगात पाणी जास्त झाले होते.

पुढचे उपाय प्रश्न ८, ९ आणि ११ मध्ये आहेत.

६. एका खोलीला किती रंग लागेल?

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरू. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार २१ आणि एक खिडकी १६ वजा केली की साधारण ४०० उरतात. छत १२० चौरस फूट.

चांगले आतले इमल्शन सपाट, प्रायमर मारलेल्या भिंतीवर लिटरला सुमारे १२० चौरस फूट जाते, तेही दोन हात धरून. म्हणजे भिंतींना साडेतीन लिटर. ४ लिटरचा डबा आणा. छताला १ लिटर. बाहेरच्या खडबडीत गिलाव्यावर हाच हिशेब निम्म्यावर येतो, लिटरला ५० ते ६० चौरस फूट. एकाच शेडचे दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलणार नाही.

७. रंगात पाणी किती घालायचे आणि दोन हातांत अंतर किती ठेवायचे?

डब्यावर लिहिलेले प्रमाण पाळा. आतल्या इमल्शनला ब्रशसाठी ते बहुधा लिटरला ४०० मिलिलिटरच्या आसपास असते. पाणी वाढवले की रंग पुरतो असे वाटते, पण तिसरा हात द्यावा लागतो आणि पापुद्रा कमजोर राहतो. पाणी मापाने घाला, अंदाजाने नको.

दोन हातांत चार तास, दमट हवेत सहा ते आठ. हाताला कोरडा लागणारा रंग आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर ओल्या फडक्याने भिंत पुसू नका आणि कपाट भिंतीला टेकवू नका.

८. जुन्या चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर थेट प्लास्टिक पेंट चालेल का?

नाही. प्लास्टिक पेंट वाळताना किंचित आकसतो आणि खालच्या भुकटीला उचलतो. चाळीच्या आणि जुन्या सोसायटीच्या घरांत चुन्याचे पाच-सहा थर एकावर एक असतात; वरचा थर पक्का वाटला तरी सुटतो सर्वांत खालचा.

भिंत पाण्याने भिजवा, अर्धा तास थांबा, रुंद पट्टीने खरवडा. मूळ गिलावा दिसेपर्यंत खरवडणे हेच काम आहे. मग धुऊन दोन-तीन दिवस वाळू द्या, खड्डे पुट्टीने भरा, प्रायमर, मग रंग. डिस्टेंपर ॲक्रिलिक असेल आणि प्रश्न २ मधल्या चिकटपट्टीच्या परीक्षेत टिकला असेल, तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुसून, प्रायमर मारून पुढे जाता येते.

९. ऑइल पेंटच्या भिंतीवर किंवा दारावर प्लास्टिक पेंट?

चालतो, पण तयारीशिवाय नाही. क्रम असा ठेवा: साबणाच्या पाण्याने धुवा, वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी चमक जाईपर्यंत घासा, पृष्ठभाग दुधाळ मंद दिसला पाहिजे, भुकटी पुसा, चकचकीत पृष्ठभागावर पकडणारा प्रायमर एक हात, एक रात्र थांबा, मग दोन हात. प्रायमर वाळल्यावर नखाने ओरखडून पाहा. साल निघाली तर घासणे कमी पडले आहे, तिथेच थांबा.

उलट दिशेने, म्हणजे प्लास्टिक पेंटवर ऑइल पेंट, लावू नका. खालचा थर लवचीक, वरचा कडक. वरच्याला तडे जातात.

१०. जुना रंग घासताना शिशाचा धोका असतो का?

असतो, आणि तो गांभीर्याने घ्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर मर्यादित केले. ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असू शकते. म्हणून जुनी दारे, खिडक्या आणि ग्रिल कोरडी घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, पाणी लावत घासा, खाली प्लास्टिक पसरा, चिखल ओल्या फडक्याने उचला. झाडू मारला की धूळ सगळ्या घरात जाते. लहान मुले आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नसावी.

११. भिंतीला ओल आहे. आतून वॉटरप्रूफ पेंट मारला तर थांबेल?

नाही. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की दरवर्षी लोक यावर पैसे घालवतात. पाणी भिंतीच्या मागून येते. आतला पापुद्रा त्याला अडवू शकत नाही, मागचा ओलावा त्यालाच ढकलून फुगवतो. मग फुगा फुटतो आणि पाणी शेजारच्या जागी वाट काढते.

आधी पाणी कुठून येते ते शोधा. ओल छताजवळ असेल तर गच्ची, तिथला उतार आणि पावसाळी पाइप. खिडकीखाली असेल तर बाहेरच्या कट्ट्याचा उतार आणि चौकटीच्या फटी. मागे बाथरूम असेल तर टाइल्सचे सांधे आणि नळाची आतली जोडणी. फक्त जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत असेल तर घराच्या पायातून वर चढणारी ओल. दुरुस्ती पाण्याच्या बाजूने, म्हणजे बाहेरून करायची.

भिंतीवर कापसासारखा पांढरा खार आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातो आणि पुन्हा उगवतो. दुरुस्तीनंतर फुगलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा आणि प्रश्न ३ मधली प्लास्टिकची परीक्षा उतरेपर्यंत थांबा. त्याला महिना-दोन महिने लागू शकतात.

१२. गणपतीच्या आधी रंग हवाच आहे आणि पाऊस थांबत नाही. काय करता येईल?

आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती आणि वर मजला असलेले छत करता येते. पंखे चालू ठेवा, सकाळी दहानंतर सुरुवात करा, दिवसाला एकच हात द्या. बाहेरच्या बाजूला उघड्या असलेल्या भिंती आणि संपूर्ण बाहेरचे काम दसऱ्यानंतर ठेवा. मखरामागची एखादी भिंत बाहेरची असेल तर यंदा तिच्यापुढे कापडी पडदा सोडणे बरे.

दमट हवेत पाणी हळू उडते, आणि त्या वेळात रंगातले साबणासारखे पदार्थ वर येतात. दोन-चार दिवसांनी भिंतीवर चिकट, मधासारखे तपकिरी ओघळ दिसतात ते हेच. घाबरून वर पुन्हा रंग देऊ नका. रंग पक्का झाल्यावर साध्या ओल्या फडक्याने हलके पुसा. एकदोनदा पुसल्यावर ते परत येत नाहीत.

१३. स्वयंपाकघरात रंग टिकत नाही, फोडणीच्या बाजूला तेलकट राहतो.

तेलाच्या चिकट्यावर पाण्यातला रंग पसरतच नाही, थेंब-थेंब होतो. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून, भिंत खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर ओघळांचे डाग पक्के बसतात. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, कारण सोडा राहिला तर तोही पकड बिघडवतो. रंग निवडताना सॅटिन किंवा हलकी चमक असलेला घ्या. मॅट रंग घासला की त्या जागी चकाकी येते आणि डागापेक्षा तीच जास्त दिसते.

शेगडीच्या थेट मागे टाइल किंवा स्टील हवे. चुलीच्या भिंतीला आणि धुराड्याला प्लास्टिक पेंट देऊ नये. उष्णतेने तो मऊ होतो आणि काजळी धरून ठेवतो.

१४. देवघरातली काजळी, छताचा पिवळा डाग, मुलांच्या पेनाच्या रेघा दोन हात दिले तरी वर येतात. का?

कारण हे डाग रंगातल्या पाण्यात पुन्हा विरघळतात आणि पाण्यासोबत वर चढतात. चार हात दिले तरी चारही वेळा. त्यांना पाण्यात न विरघळणारा अडसर लागतो: ऑइल प्रायमर किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख). डागाच्या कडेपेक्षा चार बोटे बाहेरपर्यंत एक हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग इमल्शन. समईची काजळी आधी कोरड्या स्पंजने टिपून काढा. ओले फडके लावले की ती भिंतीत पसरते. छताचा डाग असेल तर गळती थांबली आहे याची खात्री आधी करा.

१५. बाथरूमच्या छतावर काळे ठिपके. वर रंग देऊन झाकले तर?

बुरशी रंगाखाली जिवंत राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत वर येते. एक भाग ब्लीचचे द्रावण आणि तीन भाग पाणी मिसळून ब्रशने लावा, वीस मिनिटे ठेवा, धुवा, दोन दिवस वाळवा. खिडकी उघडी, हातमोजे आणि चष्मा घालून. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो आणि लहान बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. मग प्रायमर आणि बुरशीरोधक इमल्शन. एक्झॉस्ट पंखा अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवला नाही तर कोणताही रंग हरतो.

१६. पीओपीच्या किंवा जिप्समच्या छतावर काय वेगळे करावे?

हे पृष्ठभाग टीपकागदासारखे पाणी ओढतात, म्हणून पहिला प्रायमर नेहमीपेक्षा पातळ द्या, म्हणजे तो आत शिरेल. आणि पीओपीवर सिमेंटची पुट्टी भरू नका. दमटपणा मिळाला की जिप्सम आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया होऊन फुगीर स्फटिक तयार होतात आणि पुट्टी पत्र्यासारखी सुटते. तिथे ॲक्रिलिक पुट्टीच वापरा.

१७. लाकडी दाराला प्लास्टिक पेंट देता येईल का?

देता येतो, पण तीन अडचणी माहीत हव्यात. पाणी लागताच लाकडाचे रेशे उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे लागते. सागासारख्या लाकडातला रस आणि तेल पांढऱ्या रंगातून तपकिरी होऊन झिरपते. तिथे प्रश्न १४ मधला चपड्याचा अडसर आधी द्या, गाठींवर दोनदा. तिसरे, नवा रंग आठवडाभर चिकट असतो. दार चौकटीला लावून ठेवले तर दोन्हीकडचा रंग एकमेकांना चिकटतो आणि उघडताना सालपटे निघतात. रंग मुरेपर्यंत दार किलकिले ठेवा.

सागवानी दार चांगल्या स्थितीत असेल तर ते पॉलिशच करा. एकदा रंग शिरला की रेशांतून पूर्ण निघत नाही.

१८. सनमायका, प्लाय, एमडीएफ?

सनमायकावर प्रश्न ९ ची पद्धत, पण प्रायमर पकड देणाराच घ्या आणि ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हा खटाटोप करू नका. तिथे रंग महिनाभरही राहत नाही. प्लायला लाकडाचेच नियम. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पिऊन फुगतात, म्हणून कडांना आधी ऑइल प्रायमर.

१९. लोखंडी ग्रिलवर प्लास्टिक पेंट मारला आणि दुसऱ्याच दिवशी गंजाचे ठिपके आले.

उघड्या लोखंडावर पाण्यातला रंग लावला की रंग वाळायच्या आतच गंज धरतो. तारेच्या ब्रशने गंज काढा, थिनरने पुसा, लगेच रेड ऑक्साइड मेटल प्रायमरचा हात द्या, चोवीस तासांनी हलके घासा, मग रंग. जिन्याच्या कठड्यासारख्या सतत हात लागणाऱ्या जागी मात्र भिंतीचे इमल्शन नको. घामाने आणि तेलाने ते चिकट होते. तिथे एनॅमल, पाण्यातला किंवा तेलातला.

२०. पण मग गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ऑइल पेंटच सोलला जातो, असे का?

इथे नियम उलटतो, आणि फार थोड्यांना हे माहीत असते. जस्ताच्या थराशी ऑइल पेंटमधल्या तेलाची क्रिया होऊन जस्ताचा साबण बनतो आणि रंग अखंड पापुद्रा होऊन निघतो. स्वच्छ गॅल्व्हनाइज्ड (जीआय) पत्र्यावर संपूर्ण ॲक्रिलिक बाहेरचा रंग त्याहून चांगला बसतो. नव्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो साबणाने धुवा, बारीक घासणीने चमक घालवा, जमल्यास जीआयसाठीचा प्रायमर द्या. जिथे जस्त जाऊन लोखंड दिसते, तेवढ्या जागी प्रश्न १९.

२१. टाइल्सवर?

न्हाणीच्या बाहेरच्या, कोरड्या भिंतीवरच्या टाइल्सवर, पकड देणाऱ्या प्रायमरनंतर चालतो. शॉवरखाली, सिंकमागे आणि फरशीवर चालत नाही. पाणी सांध्यांतून मागे शिरते.

२२. प्लास्टिकची टाकी, खुर्ची, पीव्हीसी पाइप?

पीव्हीसी पाइप घासून, स्पिरिटने पुसून रंगवता येतो. पाण्याची टाकी पॉलिइथिलीनची आणि बहुतेक खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या. त्यांच्यावर काहीच चिकटत नाही. तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा असेल तर रंग वाया घालवू नका.

२३. गावचे घर मातीचे किंवा जांभ्याचे आहे, जुना वाडा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. ‘एकदाच चांगला प्लास्टिक पेंट मारून टाकू’ म्हणतात घरचे. मारावा का?

नको, आणि हे कळकळीने सांगावेसे वाटते. या भिंती पावसाळ्यात ओलावा घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. शंभर-दीडशे वर्षे त्या अशाच टिकल्या. त्यांच्याखाली ओल अडवणारा आधुनिक थर नसतो. प्लास्टिकचा पापुद्रा चढला की जमिनीतून वर आलेले पाणी आतच राहते. दोन-तीन पावसाळ्यांत बाहेरून रंग ठीक दिसतो, पण बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो. आतला चुना किंवा माती सैल झालेली असते. मग रंगासकट चार बोटे जाडीचा गिलावा कोसळतो.

अशा भिंतीला चुनाच द्या. कळीचा चुना भरपूर पाण्यात विरवा, चेहरा लांब ठेवून आणि चष्मा घालून, कारण पाणी उकळते. काही दिवस मुरू द्या, कापडातून गाळा, पातळ दुधाइतका करा. भिंत ओली करून तीन पातळ हात, प्रत्येकी एक दिवस सोडून. पहिला हात लावताना पाण्यासारखा दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. घाबरून दाट करू नका, दाट चुना तडकतो. चुना नको असेल तर श्वास घेणारा सिलिकेट पेंट मिळतो.

प्लास्टिक पेंट आधीच मारला असेल तर निदान खालचे तीन-चार फूट खरवडून मोकळे करा. शेणाने सारवलेल्या भिंतीवर वारलीसारखी चित्रे काढायला पांढरे इमल्शन वापरता येते, कारण रेघांच्या मध्ये भिंत मोकळीच राहते.

२४. बाहेरचा रंग आत किंवा आतला बाहेर वापरला तर?

आतला रंग बाहेर एका उन्हाळ्यात फिका पडतो आणि पहिल्या पावसाळ्यात शेवाळ धरतो. बाहेरच्या रंगात बुरशीनाशके जास्त असतात, म्हणून तो झोपायच्या खोलीत नको. बाल्कनीच्या भिंती बाहेरच्याच धरा.

२५. भेगा भरून रंग दिला तरी त्याच जागी पुन्हा भेग. उपाय?

केसासारख्या भेगांना ॲक्रिलिक क्रॅक फिलर पुरतो. भेग पट्टीच्या टोकाने व्ही आकारात उघडून, धूळ काढून, दोनदा भरा. विटांची भिंत आणि आरसीसी तुळई जिथे मिळतात तिथली आडवी भेग दरवर्षी हलते; तिथे फायबरची जाळी फिलरमध्ये बसवावी लागते. खिडकीच्या फटीत सिलिकॉन भरले असेल तर त्यावर कोणताही रंग बसत नाही. रंगवायचे असेल तर ॲक्रिलिक सीलंट घ्या. भेगेत नाणे शिरत असेल किंवा ती तिरपी वाढत असेल तर रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

२६. त्याच डब्यातला रंग लावून टचअप केला, तरी ठिगळ दिसते.

भिंतीवरचा रंग उन्हाने आणि धुळीने बदललेला असतो आणि ब्रशची पोत रोलरहून वेगळी असते. टचअप मूळ रंग ज्याने दिला त्याच साधनाने, थोडे जास्त पाणी घालून, कडा विरवत करा. मॅटवर बहुधा लपते. चमकदार रंगावर लपत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत करा.

२७. कुंड्या आणि दिवाळीच्या पणत्या रंगवल्या तर चालते?

कुंडी फक्त बाहेरून रंगवली तर आतले पाणी मातीतून बाहेर झिरपते आणि क्षारासकट रंग ढकलते. म्हणून आतून आधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. पणतीची वात टेकते ती चोच, काठ आणि आतली बाजू कोरी ठेवा. वाळलेला ॲक्रिलिक जळतो. मुलांनी रंगवलेल्या पणत्या पेटवण्याआधी एवढे नक्की पाहा.

२८. उरलेला रंग किती दिवस टिकतो आणि टाकायचा कसा?

झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून घट्ट बंद केला आणि सावलीत ठेवला तर दोन-तीन वर्षे. पाणी घातलेला रंग मात्र परत डब्यात ओतू नका. तो सडतो आणि चांगल्यालाही सडवतो. उघडल्यावर कुजका वास आला किंवा ढवळूनही गुठळ्या राहिल्या तर टाकून द्या. टाकताना गटारात किंवा मोरीत ओतू नका. वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून उन्हात पूर्ण वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. ब्रश धुतलेले पाणीही विहिरीजवळ किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. बादलीत साठवून गाळ खाली बसू द्या आणि तो गाळ असाच वाळवा.